झीज

जुनं नाणं घासू नये, हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतसुद्धा बडबडत असेन. एका लिलावघरात नाणी पारखण्याचं माझं काम आहे. टेबल, दिवा, भिंग, एक नाजूक काटा आणि समोर बसलेला माणूस, एवढाच माझा संसार. लोक आजोबांच्या पेटीतली नाणी घेऊन येतात आणि आणण्याआधी हमखास ती लिंबाने, सोड्याने, नाहीतर टूथपेस्टने लख्ख करतात. पाहुण्यांसमोर नेताना पोराचं तोंड खसखसून धुवावं, तसं. मग त्यांची तोंडं पडलेली बघणं माझ्या नशिबी येतं.

नाण्यावरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे. चांदी हवेत राहून राहून काळवंडते, आणि तो थर चांदीतूनच तयार झालेला असतो. घासलं की थोडी चांदीच जाते. नाण्यावरची अक्षरं, चेहरा, केसांच्या रेषा, हे सगळं कागदाच्या जाडीचं काम. एकदा झिजलं की गेलं. घासून ते परत येत नाही, उरलंय तेही जातं. यात मताचा प्रश्न नाही.

भाऊजींना मात्र यात मताचा प्रश्न वाटायचा.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर दातांची डॉक्टरकी केली. दवाखाना खाली, घर वर. हात थोडा कापायला लागला तेव्हा एक दिवस स्वतःच्या हाताने बाहेरची पाटी उतरवली आणि दवाखान्याला कुलूप घातलं. पण खुर्ची विकली नाही. ती मागे कलणारी खुर्ची, तिच्यावर वाकलेला तीन सांध्यांचा दिवा, शेजारी चूळ टाकायचं पांढरं भांडं, भिंतींत मुरलेला लवंगेच्या तेलाचा वास, सगळं जागच्या जागी होतं. दुपारी जेवून ते खाली येऊन बसायचे आणि काही ना काही साफ करायचे. जुनी घड्याळं, कड्या, बिजागऱ्या, ताईची पितळेची भांडी.

"ह्यांना काही काळं दिसलं की खाज सुटते," ताई म्हणायची. "एक दिवस मलाही घासून फळीवर ठेवतील."

त्या रविवारी मी गेलो तेव्हा खुर्चीच्या ट्रेवर, जिथे पूर्वी चिमटे मांडलेले असायचे, तिथे पत्र्याच्या डब्यातली नाणी पसरलेली होती. जुन्या बाजारातून उचलून आणलेली.

"बघ पारखी, काय शिकार केलीय," भाऊजी म्हणाले. मला ते 'पारखी'च म्हणायचे. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो, आणि माझं पहिलं भिंग मला त्यांनीच दिलं होतं, दाढेतली कीड बघायचं. नाव तेव्हापासूनचं.

डब्यातला माल भंगार होता. गेल्या पिढीतली चिल्लर, दोन-तीन बिल्ले, कोटाचं एक बटण. आणि त्यात ते नाणं.

लहान, पण जाड. चांदीचं. हाताने ठोकलेलं असावं, कारण कड सारखी नव्हती. एक बाजू पूर्ण गुळगुळीत. दुसऱ्या बाजूला एक डोकं, बाजूने दिसणारं. डोकं म्हणजे काय, कपाळाचा उतार, नाकाचा उंचवटा आणि हनुवटी. डोळा नाही, कान नाही, केस नाहीत. नदीतल्या गोट्यावर कोणी चेहरा कोरावा आणि पाण्याने तो वाहून न्यावा, तसं. अक्षर एकही नाही. वर एकसारखा काळा थर, कडेला किंचित निळसर. तो इतका देखणा होता की मी बराच वेळ ते दिव्याखाली नुसतं फिरवत बसलो.

ओळखता मात्र आलं नाही. खिशातल्या छोट्या काट्यावर तोललं. पावणेनऊ ग्रॅम. माझ्या माहितीतल्या कुठल्याच नाण्याशी ते वजन जुळेना.

"हा आहे कोण?" भाऊजींनी विचारलं.

"आता कोणी नाही. झिजलाय."

"पुसला गेला बिचारा." त्यांनी नाणं माझ्या हातून घेतलं आणि त्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. "घासलं तर काही दिसेल?"

"काही दिसणार नाही. भाऊजी, हात जोडतो, ह्याला सोडा लावू नका."

"तुझा धंदा उलटा आहे बघ. मी लोकांचं किटण काढायचे पैसे घेतले, तू किटण जपायचे घेतोस."

ताई चहा घेऊन जिना उतरत होती, ती हसली. मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात मी कामावर असताना त्यांचा फोन आला.

"डोळा आला," ते म्हणाले.

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. चोळू नका."

"माझा नाही रे. त्याचा."

कोणाचा, हे कळायला मला एक क्षण लागला. मग समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना, फोनवर हात धरून, दबक्या आवाजात मी त्यांना जे बोललो ते मेव्हण्याने भाऊजींना बोलू नये असंच होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ये तर खरा," म्हणाले. "इथे येऊन शिव्या दे."

मी गेलो. दिव्याखाली, कापसाच्या बोळ्यावर, ते नाणं ठेवलं होतं. काळा थर पार गेला होता. पांढरंफटक, उघडंवाघडं. माझा जीव कळवळला. मग मी भिंग लावलं.

डोळा होता. वरची पापणी, खालची पापणी, मध्ये बुबुळाचा बारीकसा उंचवटा. ओबडधोबड नाही, चांगल्या हाताने कोरलेला.

खोलगट जागी थर जास्त साचतो, हे खरं आहे. त्याखाली काही रेषा लपलेल्या असू शकतात. पण मी ह्याच जागेवर ह्याच भिंगातून बघितलं होतं आणि तिथे खोलगट जागाच नव्हती. माझी चूक झाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पारखी लोक चुकतात. मग सवयीने मी काटा काढला.

नऊ ग्रॅम.

मी काट्याबरोबर मिळालेलं मापाचं वजन ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. नाणं परत ठेवलं. नऊ ग्रॅम. नाणं साफ केलं की हलकं होतं. केसभर का होईना, हलकंच होतं.

"काय रे?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही. बॅटरी उतरली असेल." मी काटा मिटला. "आता पुरे करा, भाऊजी."

"पुरेच. फक्त कान जरा अर्धवट राहिलाय."

"अर्धवट नाही. तो झिजलेला आहे."

"होता," ते म्हणाले. बोलताना त्यांचा अंगठा नाण्यावर होता. हळूहळू, गोल गोल. सोडा कधीच संपला होता. आता ते नुसत्या बोटाने घासत होते.

त्यानंतर त्यांच्या फोनने त्यांना ओळखणं सोडलं. अंगठा ठेवला की उघडणारा फोन होता, तो उघडेना. ताईने हे मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. "फोन विचारतो, तुम्ही कोण? आणि हे त्याला रागाने सांगतायत, अरे मी मालक!" मी त्यांचा अंगठा भिंगाखाली धरला. पेराला एकही रेघ नव्हती. वळसे, चक्रं, काही नाही. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. इतकं घासल्यावर बोटाच्या रेषा जातात, गवंड्यांच्या, धोब्यांच्या जातात. हे मी त्यांना समजावून सांगितलं. मग दुसरा हात बघितला. नाण्याला कधी न लागलेला डावा हात. तोही तसाच होता.

ते मी समजावून सांगितलं नाही.

पुढे काही आठवडे लोक त्यांचं कौतुक करत होते. भाऊजी, वय कमी झालं तुमचं. डोळ्यांखालच्या सुरकुत्या गेल्या होत्या. कपाळावरच्या आठ्या गेल्या. ताईला तर बरंच वाटत होतं. आरशात दोघांना शेजारी बघितलं की आपण त्यांची मावशी दिसतो, असं म्हणायची. मग एका दुपारी तिने मला जिन्यातच अडवलं. वर-खाली बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ह्यांच्या गालावर तीळ होता ना रे?"

"होता की. डाव्या."

"तो नाहीये."

मी खाली गेलो. भाऊजी खुर्चीत कलून बसले होते आणि तोंडात बघायचा छोटा आरसा स्वतःच्याच तोंडात घालून, दिवा ओढून, दाढा बघत होते.

"ये, बघ," ते म्हणाले. आवाजात भीती नव्हती, उत्सुकता होती. "माझ्या दाढांचे उंचवटे गेलेत. सपाट झाल्यात, पाटासारख्या. माणूस झोपेत दात खातो तेव्हा झिजतात, पण त्याला वीसेक वर्षं लागतात." त्यांनी आरसा काढला आणि हसले. त्यांचा चष्मा घसरून खाली आला. तो त्यांनी वर ढकलला. तो परत घसरला. तेव्हा मला दिसलं की नाकाच्या हाडाला चष्मा टेकायचा जो बाक असतो, तो जवळजवळ भरून सपाट झाला होता. आणि कानांच्या मागची खाच उथळ झाली होती.

ट्रेवर नाणं होतं. त्याला कान आला होता. पाळी, आतली वळणं, भोकसुद्धा. केस आले होते, मागे वळवलेले, एकेक बट वेगळी. मी ते उचललं आणि काटा न काढताही मला कळलं की ते जड झालंय. गालावर मात्र तीळ नव्हता. मी मुद्दाम बघितलं. तो चेहरा भाऊजींचा नव्हता. भाऊजींचा असता तर निदान काहीतरी कळलं असतं. हा कोणीतरी वेगळाच होता. लांब ओठ, जड पापण्या, कशाची घाई नसलेला माणूस.

"हे बंद करा," मी म्हणालो. "आजपासून. तुमच्याच्याने होत नसेल तर मी घेऊन जातो."

त्यांनी माझ्या हातातून नाणं काढून घेतलं. मग म्हणाले, "पारखी, मी आयुष्यात किती लोकांच्या तोंडात बघितलं असेल? सगळे तोंड उघडून पडलेले. मला दात आठवतात. कोणाची कुठली दाढ वाकडी, हे आजही सांगेन. चेहरा एकाचाही आठवत नाही. रस्त्यात लोक नमस्कार करायचे आणि मी नुसता हसायचो." त्यांचा अंगठा फिरत होता. "हा एक तरी पूर्ण बघू दे. थोडंच राहिलंय."

मी त्यांना ताईबरोबर कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने वयोमानाने कातडी पातळ होते असं सांगितलं आणि मलम दिलं. तो त्यांना आधी कधी भेटला नव्हता, त्यामुळे काय काय गेलंय हे त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता.

थंडी सुरू झाली तसं त्यांचं बोलणं बोजड झालं. ओठांच्या कडा मऊ होऊन चेहऱ्यात मिसळत चालल्या होत्या, त्यामुळे ओठ मिटून काढायची अक्षरं निघेनात. मला हाक मारताना 'पारखी'तला 'पा' हवेसारखा यायचा. दूध टाकणारी बाई त्यांना दारात बघून म्हणाली, "डॉक्टर घरी नाहीत का?" त्यांना तोंडावर विचारलं. समोरच्या घरातल्या आजोबांनी, ज्यांच्याशी त्यांची रोजची बैठक, ताईला बाजूला घेऊन विचारलं की तुमच्याकडे कोण पाहुणे आलेत, कुठेतरी बघितल्यासारखे वाटतात.

"आयुष्यभर लोकांसाठी झिजले," ताई फोनवर म्हणाली, "आणि आता..." मग एका दमात: "तू ये. ते नाणं घेऊन जा. लगेच ये."

मला वाटलं होतं झटापट होईल. झाली नाही. मी हात पुढे केला आणि भाऊजींनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं, एखाद्या पेशंटला त्याचा पडलेला दात द्यावा तसं.

"ने," ते म्हणाले. "आता लागत नाही."

त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. गोल गोल. मी दार ओढून घेईपर्यंत तो फिरतच होता.

आमच्या लिलावघरात तळघराजवळ एक तिजोरीची खोली आहे. भिंतीला पोलादी कप्पे, आत कोरडी हवा, थंडी एकसारखी. ते नाणं मी कापडात गुंडाळून माझ्या कप्प्यात ठेवलं. कापडाला हातमोजे घालूनच हात लावला होता. कप्प्याला माझीच किल्ली लागते. मला मनापासून वाटलं की संपलं.

ताईचे फोन येत राहिले. आज भुवया गेल्या. आज नखं बोटांत कळेनाशी झालीत. आज मी त्यांना हाक मारली तर त्यांनी मान वळवली, पण चेहरा कुठल्या बाजूला आहे ते मला मागून आणि पुढून सारखंच वाटलं. हे सांगताना ती रडत नव्हती. ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती आणि त्याचीच मला जास्त धडकी भरली.

मी कप्पा उघडला. कापड सोडलं.

नाण्यावरचं डोकं बाजूने दिसणारं होतं. ते मी पहिल्या दिवसापासून बघत आलो होतो. कपाळ, नाक, हनुवटी, एक डोळा, एक कान. आता नाकाच्या पलीकडे काहीतरी होतं. एक बारीक कमान.

मी भिंग लावलं.

ती दुसऱ्या डोळ्याची भुवई होती.

मी नाणं कलतं केलं, सरळ केलं, दिवा बदलला. प्रकाशाचा खेळ असेल तर दिवा बदलल्यावर जातो. तो गेला नाही. चेहरा वळत होता. नाण्यावर, कोऱ्या चांदीत, तो बाहेरच्या बाजूला वळायला लागला होता. कुठल्याही माणसाचा हात न लागता.

एवढी वर्षं नाण्यांत घालवलेला माणूस म्हणून मला तेव्हा एकच उपाय सुचला, आणि तो उपाय मी कुणाही गिऱ्हाईकाला सुचवला असता तर माझी नोकरी गेली असती. जे त्यांच्याकडून इकडे आलं असेल, ते इथून काढायचं. नाणं झिजवायचं. गुळगुळीत होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते घेऊन ताईकडे गेलो. तिच्याकडून सुरीला धार लावायचा दगड मागून घेतला. तिने का म्हणून विचारलं नाही. आम्ही दोघं खाली उतरलो.

भाऊजी खुर्चीत होते. दिवा बंद होता. खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडत होता आणि कुठेही अडत नव्हता. डोळे होते, पण दोन ओल्या चिरांसारखे, भोवती पापणी अशी काही नाही. ताईने त्यांच्या गळ्याभोवती मफलर नीट केला. त्याच सवयीने तिने त्यांचा चष्मा वर सारायला हात उचलला, पण चष्मा आता टिकत नव्हता. तिने हात खाली आणला.

मी चूळ टाकायच्या भांड्याच्या कडेवर दगड ठेवला. थोडं पाणी टाकलं. नाणं चेहऱ्याच्या बाजूने खाली धरलं.  आयुष्यात मी कुठलंही नाणं घासलं नव्हतं.

एकदाच घासलं.

कर्कश आवाज झाला. आणि खुर्चीतून एक आवाज आला, ज्याला शब्द नव्हता.

ताई धावली. "काय झालं? कुठे दुखतंय?" तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यावर ओरखडा नव्हता, काहीच नव्हतं. "सांगा ना. कुठे?"

भाऊजींनी हात उचलला. बोट तिच्या खांद्यावरून माझ्याकडे आलं. माझ्या हाताकडे.

"तिकडे," ते म्हणाले.

मी नाणं उलटं केलं. गालावर एक आडवा चकचकीत ओरखडा पडला होता. दगडाच्या पाण्यात राखाडी धातू तरंगत होता. तो परत कुठे गेला नाही. खुर्चीतल्या चेहऱ्यावर काही भरून आलं नाही. घासल्याने जातं, एवढंच. ते मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

"नको," भाऊजी म्हणाले. शब्द ओळखू येईल न येईल असा. ताईने कान जवळ नेला. ते पुन्हा काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

ताईने माझ्याकडे बघितलं. "म्हणतायत, तिथे निदान दिसतं."

मी दगड उचलला, पुसला, तिच्या हातात दिला. त्यानंतर आम्ही ह्यावर कधी बोललो नाही.

दोन दिवसांनी बघितलं तर गालावरचा ओरखडा काळा पडला होता. चांदी काळवंडायला वर्षं लागतात. तो काळा थर किंचित उंच होता, कडांना सुरकुतलेला, खपली धरावी तसा. पुढच्या वेळी तोही नव्हता.

मौल्यवान नाण्यांना आम्ही एका पारदर्शक डबीत बंद करतो. कडक प्लास्टिकच्या दोन वाट्या, यंत्राने एकमेकींना चिकटवलेल्या. एकदा बंद केली की फोडल्याशिवाय उघडत नाही. हवा जात नाही, ओल जात नाही. नाण्याला पुन्हा कोणाचंही बोट लागत नाही. मी ते नाणं तसं बंद केलं. डबीवर चिठ्ठी लावायची असते, नाव, काळ, वजन. मी कोरी ठेवली. नाव नव्हतं, आणि वजन कुठलं लिहायचं हे मला ठरवता आलं नाही.

भाऊजी हिवाळा संपता संपता गेले. सकाळी ताई चहा घेऊन खाली उतरली तेव्हा ते खुर्चीत होते. डॉक्टर येऊन गेले. आजूबाजूचे लोक आले, हात जोडून गेले. बऱ्याच जणांनी बाहेर आल्यावर एकमेकांना म्हटलं की फोटो लावला असता तर बरं झालं असतं. ताईने तो लावला नाही. मी तिला जेवायला घातलं, तिच्या शेजारी बसलो, आणि ती झोपल्यावर खाली जाऊन दवाखान्याच्या खिडक्या लावून घेतल्या.

कामावर परतल्यावर मी आधी तिजोरीच्या खोलीत गेलो. सकाळची वेळ होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबलं सरकवत होतं. ती डबी घेऊन जायची, वितळवणाऱ्याकडे द्यायची, आणि भट्टीसमोर उभं राहून बघायचं, असं मी ठरवून आलो होतो.

कप्पा उघडला. डबी उचलली.

चेहरा पूर्ण वळला होता. सरळ समोर. दोन डोळे, दोन कान, मध्ये नाक, चांदीतून बाहेर आलेलं, प्लास्टिकला जवळजवळ टेकलेलं. लांब ओठ किंचित उघडे. उत्तम नाणं होतं. एकही रेघ झिजलेली नव्हती. टाकसाळीतून आज बाहेर पडावं तसं.

मी ते दिव्याजवळ नेलं, तेव्हा मला वाटलं डबीला माझाच हात लागून धूसर झालंय. मी रुमाल काढला आणि पुसलं. गेलं नाही.

धुकं आतल्या बाजूला होतं. नाकाच्या खाली, नखाएवढा गोल.

खोली कोरडी असते. डबी हवाबंद असते.

मी बघत असताना ते विरलं. प्लास्टिक स्वच्छ झालं.

मग पुन्हा धुकं धरलं.